नगरसेवकाच्या घरातली फरशी

आमच्या ह्यांना सगळे ‘वायसर’ म्हणतात. नळ गळायला लागला की दुसरा प्लंबर सांगतो, नळ गेला, नवा घ्या. हे सांगायचे, नळ ठणठणीत आहे, वायसर गेलाय. मग खिशातून रबराची ती चकती काढायची, बसवायची आणि चहा पिऊन निघायचं. कामाला कधी तोटा पडला नाही, पण त्या कामातून घर वर आलं असंही झालं नाही. शर्ट भिजत टाकण्याआधी खिसा उलटा करून बघायची सवय मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच लागली.

हा माणूस पाच वर्षं नगरसेवक होता. अजूनही लोक मला विचारतात, “मग, काय काय केलंत पाच वर्षांत?” म्हणजे काय काय कमावलंत. तोंडावर तसं विचारता येत नाही म्हणून ‘केलंत’ म्हणतात. मी हसून वेळ मारून नेते. पण एकदा सगळं सांगून टाकावं असं बरेच दिवस मनात आहे.

आमचं घर टेकडीच्या अर्ध्या चढावर आहे. वर बंगले, खाली वस्ती, मधे आम्ही. ह्यांची कामं दोन्हीकडे असायची. वरच्या घरांत मागच्या दाराने जायचं, खालच्या घरांत दारच एक. एकाच पाइपाची दोन्ही टोकं ह्यांनी पाहिली होती. वर दुपारीसुद्धा बागेत पाणी उडायचं आणि खाली सकाळी अर्धा तास, तेही दोऱ्यासारखं. पाणी खात्याचं म्हणणं, लाइन जुनी आहे, बारीक आहे, नवी टाकायची तर खर्च मोठा. सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. ह्यांनीही केलं होतं.

एका उन्हाळ्यात कुठल्याशा गळतीचा माग काढता काढता ह्यांनी रस्त्याकडेचं चेंबर उघडलं. आत वस्तीकडे जाणारा व्हॉल्व्ह अर्धा बंद होता. ते फिरवायला गेले तर फिरेना. टॉर्च मारून बघितलं तर दांडा वेल्डिंग करून टाकलेला. घरी येऊन मला म्हणाले, “गंज असता तर मी समजलो असतो. गंज आपोआप चढतो. वेल्डिंग आपोआप होत नाही.”

“मग काय करणार?”

“नगरसेवकाला सांगतो.”

तेव्हाचे नगरसेवक दाढी करून घेत बसले होते. गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढं कळतंय तर निवडून ये आणि तूच उघड.” न्हावी हसला, बसलेले हसले. आमचे हे मात्र विचारात पडून घरी आले. ह्यांना चेष्टा कळत नाही. तान्हेपणापासून असाच आहे, असं सासूबाई सांगायच्या. ह्यांनी तो सल्ला समजून घेतला आणि पुढच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून अर्ज भरला.

निशाणी नळ मागितली होती, मिळाली शिट्टी. वस्तीतल्या पोरांनी दोन आठवडे शिट्ट्या फुंकून अख्ख्या प्रभागाचे कान किटवले. मी ह्यांना सरळ सांगितलं होतं की लोक शिट्टी ऐकून दार लावून घेतायत. पण समोरचे दोन मोठे उमेदवार एकमेकांवर असे तुटून पडले, असं एकेकाचं बाहेर काढलं, की लोकांना दोघांचाही वीट आला. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. सदतीस मतांनी हे निवडून आले. मी तेव्हा इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होते, आजही आहे. चादरींच्या घड्या घालत होते तेव्हा कुणीतरी पळत येऊन सांगितलं. माझी पहिली प्रतिक्रिया काय होती, तर ह्यांच्याकडे धड एक शर्ट नाही.

पहिल्याच सभेत ह्यांनी उभं राहून व्हॉल्व्हबद्दल विचारलं. अधिकारी म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. दुसऱ्या महिन्यात हे पुन्हा उभे राहिले, पुन्हा तेच उत्तर. असं सात सभा चाललं. लोक खालच्या आवाजात म्हणायला लागले, आला बघा वायसर, आता टिपटिप सुरू. आठव्या सभेला हे पिशवीतून पाना घेऊन गेले आणि म्हणाले, “लांब कशाला? चेंबर दहा मिनिटांवर आहे. चला, आत्ता दाखवतो.” कुणी उठलं नाही. निवृत्तीला आलेला एक अभियंता तेवढा उठला. त्याचं आता काय बिघडणार होतं! त्याने वाकून आत बघितलं आणि लिहून दिलं की दांडा जाणूनबुजून पक्का केलेला आहे.

तरी नवा व्हॉल्व्ह आणि नवी लाइन पडायला दुसरं वर्ष उजाडलं. वस्तीत दीड तास पाणी यायला लागलं. पंधरा दिवस बायका रस्त्यात अडवून ह्यांना पाणी पाजायच्या. मग सवय झाली. पाणी आलं की माणूस पाण्याचा विचार करणं सोडून देतो, आणि ते बरोबरच आहे म्हणा. वरच्या बंगल्यांतून मात्र आमचा दाब कमी झाला असा सह्यांचा अर्ज गेला. त्यातली निम्मी घरं ह्यांची जुनी गिऱ्हाइकं होती.

हा ह्यांचा राजकारणावरचा विश्वास. पक्षावर नाही, पुढाऱ्यावर तर नाहीच. विचारलं, पुन्हा विचारलं, कागद लावून धरला तर चाक फिरतं, एवढंच. माझा विश्वास डोळ्यांवर. ह्यांच्याबरोबर जे निवडून आले ते पहिल्या दिवशी स्कूटरवर आले होते. दोन वर्षांत त्यातले चारजण गाडीतून उतरायला लागले. आमच्या घरी मात्र फरशीला पडलेल्या खड्ड्यात खुर्चीचा पाय जायचा. आलेल्या माणसाला मी आधीच सांगायची, जरा डावीकडे बसा.

त्या खड्ड्यातूनच पुढचं सगळं उपटलं.

रस्त्यांची आणि पाइपांची कामं घेणारा एक कंत्राटदार होता. नवी लाइन त्यानेच टाकली. हे रोज चरावर जाऊन उभे राहायचे. एकदा पाइप उथळ टाकलाय म्हणून ह्यांनी पन्नास फूट काम उकरायला लावलं. दुसरा कुणी असता तर भडकला असता. हा हसला. मला वाटतं त्याला हे मनापासून आवडायचे, सर्कशीतला प्राणी आवडावा तसे. काही कागद घेऊन तो एकदा घरी आला. हे नव्हते. मी म्हटलं, जरा डावीकडे बसा.

तो खाली बघून म्हणाला, “वहिनी, नगरसेवकाच्या घरात अशी फरशी?”

मी म्हटलं, “नगरसेवकाला वर बघून बोलायची सवय आहे. खाली बघायचं काम माझ्याकडे.”

मी हे का बोलले? बोलायची हौस, दुसरं काय. पण अगदी सहज बोलले असंही नाही. त्याने ऐकावं असं कुठेतरी वाटत होतं. खोटं कशाला सांगू!

पुढच्या आठवड्यात नगरसेवकांना दोन दिवस कसल्याशा प्रशिक्षणाला बाहेरगावी नेलं. हे गेले त्या सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. तीन कारागीर, वाळू, सिमेंट आणि खोक्यांत फरश्या. मुकादम म्हणाला, “ताई, सामान हलवायला मदत करतो.” त्याने मला काही विचारलंच नाही, त्यामुळे मलाही नाही म्हणावं लागलं नाही. मी लॉन्ड्रीत रजा टाकली आणि कपाट ओढायला हात लावला.

साईच्या रंगाची फरशी, त्यात तपकिरी बारीक रेघ. दोन खोल्या दोन दिवसांत झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओलं फडकं फिरवलं तर ते कुठेही न अडकता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. मी तीनदा पुसलं. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने कधी नव्हे ते मैत्रिणींना घरी बोलावलं. त्या गेल्यावर आम्ही दोघी भिंतीला टेकून पाय पसरून नुसत्या बसून राहिलो. त्या संध्याकाळी मला वाटलं, श्रीमंती म्हणजे फार काही नसावं. एवढंच असावं.

हे आले. चपला बाहेर काढल्या, पाय आत टाकला आणि तसेच थांबले. फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुणी?”

मी नाव सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. हे पाठ फिरवून तसेच कंत्राटदाराकडे गेले. म्हणाले, बिल द्या, हप्त्याने फेडतो. तो म्हणाला, “कसलं बिल, दादा? वहिनीच्या घरात दोन फरश्या लावल्या तर त्याचं बिल करू?” ह्यांनी नोटा पुढे केल्या तर त्याने हात मागे बांधून घेतले. पावतीशिवाय तिथे नोटा टाकून आले असते तरी त्याला अर्थ नव्हता. उद्या कुणी विचारलं तर दाखवणार काय?

रविवारी सकाळी हे छिन्नी आणि हातोडी घेऊन बसले.

“अहो, काय करताय?”

“काढतोय.”

“घर माझंही आहे.”

“हो. फरशी आपली नाही.”

मी त्या दिवशी बदली ड्यूटी मागून घेतली, डोळ्यांसमोर नको म्हणून. संध्याकाळी आले तर हे घामाने निथळत होते. ओलं गोणपाट टाकून, कडेने छिन्नी घालून एकेक फरशी उचलायची, नखाला लागू न देता काटा काढावा तशी. तरी तिसरा हिस्सा फुटलाच. उरलेल्या हातगाडीवर घालून खालच्या वस्तीत नेल्या आणि धुणं धुवायच्या सार्वजनिक ओट्यावर स्वतः बसवल्या. बायका खूश झाल्या. आमच्या घरात मात्र कारागिरांनी जुनी फरशी आधीच उखडली होती, नवी ह्यांनी काढली, तेव्हा राहिला नुसता सिमेंट-वाळूचा भुसभुशीत थर. चालताना पावलं पांढरी व्हायची. मुलगी चार दिवस घरात जेवली नाही, आत्याकडे जाऊन जेवली.

मी अकरा दिवस बोलले नाही. बाराव्या दिवशी बोलले ते एकदम सगळंच.

“तुमचा खरेपणा नेहमी माझ्याच पायाखालून का जातो? झाडते मी, पुसते मी, धूळ माझ्या पोरीच्या वह्यांवर. तुम्हाला सभागृहात गुळगुळीत फरशी आहेच.”

“मी ती घेतली असती तर उद्या त्याचा पाइप उथळ आहे असं म्हणता आलं नसतं.”

“ते कळतं मला. मी काही खुळी नाही. पण एक सांगा. ही गरिबी तुम्ही निवडलीत. कुणाशी तरी सौदा करून ती टाकून द्यायची सोय तुम्हाला रोज आहे आणि तुम्ही रोज नाही म्हणता. त्यात तुम्हाला मान आहे. मला ती कुणी विचारून दिली? मला निवडायला मिळाले ते तेच दोन दिवस, आणि तेव्हा मी फरशी निवडली.”

हे हातातला पेला फिरवत म्हणाले, “हे मला सुचलं नव्हतं.”

त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. पण त्या दिवसापासून हे सभेहून आले की थापी घेऊन बसायला लागले. रोज दोन हात जागा. चार महिन्यांत दोन्ही खोल्यांना सिमेंटचा कोबा झाला. कोपऱ्यात थोडा उतार राहिला आहे. गोळी सोडली तर घरंगळते. प्लंबरच्या हाताला उतार द्यायची सवय!

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. एवढी फरशी सोडली म्हणजे आत मोठं काहीतरी घेतलं असणार. डोळ्यांत धूळफेक, दुसरं काय! हे माझ्या लॉन्ड्रीतल्या बाईने मला इस्त्री करता करता सांगितलं, अगदी मायेने. वर म्हणाली, “सांभाळून ठेव गं, असं एकदम बाहेर काढू नकोस.”

पाच वर्षं संपली. ह्यांनी पुन्हा अर्ज भरला. समोर कंत्राटदाराचा धाकटा भाऊ. मी या खेपेला घरोघर फिरले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. वस्तीतल्या एका भाजीवालीच्या दारात गेले. तिच्या घरातला नळ ह्यांनी किती वेळा फुकट दुरुस्त केला असेल, मोजदाद नाही. ती म्हणाली, “ताई, राग मानू नको. माणूस देवासारखा आहे. पण पाच वर्षांत ज्याला स्वतःच्या घराची फरशी जमली नाही, तो आमचं काय करणार?”

माझ्या अंगाची लाही झाली. जे मी ह्यांना शंभरदा ऐकवलं होतं ते दुसरीच्या तोंडून ऐकवेना. मी म्हटलं, “ती फरशी तुमच्या ओट्यावर आहे. रोज उभी राहतेस त्यावर.”

“तेच तर म्हणते,” ती शांतपणे म्हणाली, “दिलीच कशाला?”

मी पुढच्या घरी गेले.

नऊशे मतांनी हरलो. निकाल ऐकून हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मग म्हणाले, “नऊशे म्हणजे चुकून नाही. लोकांनी विचार करून दिलंय.” मला रडू येत होतं आणि हे हिशोब समजून घेत होते. रात्री कूस बदलताना मात्र मी बघितलं, डोळे टक्क उघडे होते.

खरी अडचण त्यानंतरची. काम मिळेना. माजी नगरसेवकाला मोरी तुंबली म्हणून बोलवायचं कसं, लोकांना संकोच. काहींना राग. काहींना वाटायचं, याला आता कामाची काय गरज! सहा महिने घर माझ्या पगारावर चाललं. शेवटी टेकडीवरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ह्यांना पुढच्या दाराने आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, चांगल्या कपात चहा दिला. हे अवघडून बसले होते. बाईंनी आवाज खाली आणून, आजाराची चौकशी करावी तसं विचारलं, “खरंच काही नाही घेतलंत?”

“नाही.”

“मग पश्चात्ताप होतो का?”

“आधी नळ दाखवा,” हे म्हणाले.

त्या एका घरामागून दहा घरं आली. आता पुन्हा खिसे तपासावे लागतात.

नव्या नगरसेवकाबद्दल खोटं बोलणार नाही. त्याने ह्यांच्यापेक्षा जास्त दिवे लावले, फोन उचलतो, लग्नाकार्याला येतो. बंगला बांधला, तोही खरा. मी ह्यांना टोचायला म्हणाले, “बघा, घेऊनही काम करतो.” हे म्हणाले, “करतो. पण ज्याच्याकडून घेतो त्याचं आधी करतो. खालच्यांचा नंबर लागेपर्यंत पाच वर्षं संपतात.” मग म्हणाले, “माझ्याकडूनही सगळ्यांचा नंबर लागला नाहीच म्हणा.”

मुलगी शिकून नोकरीला लागली, दुसऱ्या गावी असते. तिच्या घरात फरशी आहे, गुळगुळीत. बाबांचा विषय निघाला की ती एकदा रागावते आणि एकदा मैत्रिणींना कौतुकाने सांगते. माझंही तसंच आहे. पैसा वाईट असं मला कधी वाटलं नाही आणि गरिबीत काही थोर आहे असं तर मुळीच नाही. ज्यांना गरिबी माहीत नाही त्यांनाच ती थोर वाटते. पण अर्ज लावून धरला की चाक फिरतं, ही ह्यांची समजूत माझ्यात कधी शिरली, ते मला कळलं नाही.

गेल्या वर्षी लॉन्ड्रीत जंतू मारायचं नवं औषधी पाणी आलं. चादरी त्यात भिजवायच्या. बायकांच्या हातांची सालं निघायला लागली. वरिष्ठ म्हणाले, सवय होईल. मी हातमोज्यांसाठी अर्ज लिहिला, बावीस जणींच्या सह्या घेतल्या. घरी दाखवला तर ह्यांनी चष्मा लावून वाचला आणि एवढंच विचारलं, “दोन प्रती केल्यास का? दुसरीवर पोचेचा शिक्का मारून घे. शिक्का नसेल तर तू गेलीच नव्हतीस असं म्हणतात.”

शिक्का मारून घेतला. दोन महिने काही नाही. मग नगरसेवकाकडे गेले, सहाजणींना घेऊन. तो उठून उभा राहिला. “वहिनी, तुम्ही कशाला आलात? निरोप पाठवायचा. तुमच्यापुरते हातमोजे आजच घरी पोचवतो.”

“माझ्यापुरते नकोत,” मी म्हटलं. “बावीस जणी आहोत. आणि घरी नकोत, इस्पितळात पाहिजेत.”

तो हसला. त्याच्या भावासारखंच हसतो. पण फोन त्याने केला. त्यानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वरिष्ठांच्या टेबलासमोर उभी राहायची. तिथल्या शिपायाने मलाही एक नाव ठेवलं असं कानावर आलं. काय ते मी विचारलं नाही.

आठव्या महिन्यात हातमोजे आले. सगळे एकाच मापाचे, पुरुषी, बोटांच्या टोकाशी पाणी साचणारे. बायका म्हणाल्या, जाऊ दे, आले हेच खूप झालं. मी एक जोडी पिशवीत टाकून घरी आणली आणि ह्यांच्या समोर ठेवली. ह्यांनी हात घालून बघितला, त्यांना बरोबर बसला.

“तीन मापं लिहून दे,” हे म्हणाले. “लहान, मध्यम, मोठं. कुठल्या मापाचे किती, तेही.”

काल बावीस जणींचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून घेतले. लहान अकरा, मध्यम आठ, मोठे तीन. अर्ज लिहून झालाय. सोमवारी नेऊन देते.